अध्यक्षांचा उजवा बूट

उमाजीराव बिरादारांनी आयुष्यात कधी कागद फाडला नव्हता. सरकारी खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस एक वेळ घराची किल्ली हरवेल, पण कागद फाडणार नाही. आज ना उद्या कोणीतरी तो मागणारच, ही त्याची श्रद्धा असते. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये शोधलं असतं तर चौऱ्याण्णव सालच्या गॅस सिलिंडरची पावतीसुद्धा सापडली असती. सवय चांगलीच म्हणायची. पण सहा नोव्हेंबरला कोपऱ्यावरच्या लॅबमधून जो कागद त्यांच्या हातात पडला, तो त्यांनी तिथल्या तिथं फाडून टाकला असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

त्या कागदावर एकच आकडा महत्त्वाचा होता. आठ पॉइंट नऊ. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी. डॉक्टर प्रणिता त्यांच्याच गल्लीत लहानाची मोठी झालेली; गणपतीत आरती संपायच्या आधीच प्रसादाला हात पुढं करणारी पोर. आता ती चष्म्यावरून बघत होती आणि उमाजीराव समोर हात जोडल्यासारखे बसले होते.

"गोळ्या देते, काका. रोज एक तास चाला. गोड बंद. आणि पायांना जपा, साधी फुटकुळी आली तरी मला दाखवा. तीन महिन्यांनी हाच कागद घेऊन या. आकडा उतरला नसला तर इन्शुलिन."

इन्शुलिन म्हणजे काय हे नीट कळावं म्हणून तिनं पोटाला चिमटा काढून सुई टोचल्याचा अभिनय करून दाखवला. उमाजीराव खुर्चीतच पांढरे पडले. कोविडची लस घेताना ते सुई लागायच्या आधीच घेरी येऊन आडवे झाले होते आणि नर्सनं त्या अवस्थेतच आपलं काम उरकलं होतं, ही गोष्ट अजून ऑफिसात चहाच्या वेळी निघते. "आणि काकूंना आजच सांगा," प्रणिता म्हणाली. उमाजीरावांनी मान हलवली. एकतीस वर्षांत त्यांनी साहेबांपुढं हलवली होती अगदी तशीच.

कारण भामाबाईंना सांगणं शक्यच नव्हतं. एक तर त्यांना कळलं की तासाभरात भालकी, उदगीर आणि नांदेड इथल्या एकूण अठरा नातेवाइकांना कळणार, आणि प्रत्येक जण कारल्यापासून गुळवेलीपर्यंत काहीतरी सांगणार. हे कारण उमाजीराव स्वतःला ठळकपणे सांगत. दुसरं कारण ते मनातसुद्धा हळूच म्हणत. भामाबाईंचे वडील साखरेनंच गेले होते. अंगठ्याला साधी ठेच लागल्याचं निमित्त झालं. मग अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय, आणि दीड वर्षात माणूस गेला. त्या दीड वर्षात ती जखम रोज भामाबाईंनी धुतली होती. तेव्हापासून त्यांच्या घरात 'शुगर' हा शब्द कोणी उच्चारत नसे. आपल्या पायांकडे भामाबाईंनी त्या नजरेनं बघावं, हे उमाजीरावांना सुईपेक्षाही भयंकर वाटत होतं.

तेव्हा ठरलं असं, की तीन महिन्यांत गुपचूप आकडा खाली आणायचा. गोळ्या 'गॅसच्या' म्हणून फ्रिजवर ठेवता आल्या. चालण्याचं काय करायचं? जो माणूस अठ्ठावीस वर्षं गल्लीच्या टोकाला जायलाही ऑटो शोधत होता, तो एकदम पहाटे सहाला उठून चालायला निघाला तर बायको डिटेक्टिव्ह नसली तरी तिला संशय येणारच. म्हणून उमाजीरावांनी थाप मारली, की बिल्डिंगमधली सगळी मंडळी चालायला जाणार आहेत, मला फार आग्रह झाला. थाप एकदा मारली की ती खरी करावी लागते. त्या दिवशी संध्याकाळी पाच मजले चढून-उतरून त्यांनी घरोघरी फार आग्रह केला.

पहिल्या रविवारी सात जण आले, दुसऱ्या रविवारी दोन. त्यातले एक स्वतः उमाजीराव आणि दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे लक्ष्मणराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना कुठलीही गोष्ट नियमानं व्हावी असं वाटे आणि ती कुठली गोष्ट याला फारसं महत्त्व नसे. मंडळी का गळाली याची चौकशी झाली, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या शोभाताईंनी दुखणं नेमकं सांगितलं. मुलगा मंदार इथं आयटीत आहे म्हणून त्या पुण्याहून आलेल्या. हाताला चव अशी, की त्यांच्या फोडणीच्या वासावर लिफ्ट आपोआप चौथ्यावर थांबते अशी वदंता होती. त्या म्हणाल्या, एवढं चालून आल्यावर माणसाच्या तोंडात काही पडायला नको का?

इथं उमाजीरावांच्या हातून मोठी चूक झाली. ऑफिसात पंचवीस वर्षं त्यांनी भिशी चालवली होती. चार माणसं कुठल्याही कामासाठी बांधून ठेवायची तर भिशीशिवाय उपाय नाही, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्यांनी स्टीलच्या डब्यात अकरा घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या. रविवारी चालून झालं की एक चिठ्ठी निघणार. ज्या घराची निघेल त्या घरी पुढच्या रविवारी सगळ्यांचा नाश्ता. लक्ष्मणरावांनी त्याच बैठकीत नऊ नियम लिहून काढले. चौथा नियम होता: यजमानाने वाढलेल्या पदार्थास कोणीही 'नको' म्हणू नये. उमाजीरावांनी सवयीनं खाली सही ठोकली आणि मग वाचलं.

तिसऱ्या रविवारी एकोणीस माणसं चालायला आली.

आता कागदाचं. प्रणितानं 'हाच कागद घेऊन या' म्हटल्यामुळे तो फाडायचा प्रश्न मिटला होता. प्रश्न होता ठेवायचा. आधी तो विम्याच्या फाइलीत गेला. चार दिवसांनी भामाबाई तीच फाइल घेऊन बसल्या, भाच्याला कसलासा नंबर हवा होता. उमाजीरावांनी पाणी मागितलं, ठसका लागल्याचं सोंग केलं, आणि त्या आत गेल्या तेवढ्यात कागद खिशात टाकला. मग कपाटात साड्यांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला. त्याच आठवड्यात भामाबाईंना झुरळ दिसलं आणि त्यांनी सगळी वर्तमानपत्रं बदलायला काढली. त्या दुपारी उमाजीराव ऑफिसात होते. फोनवर हे ऐकल्याबरोबर त्यांनी पोटात दुखतंय म्हणून अर्धी रजा टाकली, ऑटोवाल्याला दुप्पट भाडं कबूल केलं आणि शेवटचं वर्तमानपत्र उचललं जायच्या आत घरी पोचले. भामाबाईंनी त्या दिवशी त्यांना ओवा खायला दिला आणि तो त्यांनी निमूटपणे खाल्ला.

घरात भामाबाईंचा हात जात नाही अशी जागा कोणती, यावर त्यांनी रात्रभर विचार केला. उत्तर सकाळी पायात होतं. दिलसुखनगरहून आणलेले पांढरे चालायचे बूट. पुरुषांच्या पायताणाला भामाबाई हात लावत नसत. मांडणीतल्या चपला झाडूच्या टोकानं बाजूला सारत. उमाजीरावांनी कागदाच्या आठ घड्या घातल्या, उजव्या बुटाच्या आतलं मऊ पातं उचललं, खाली कागद सरकवला आणि पातं दाबून बसवलं. किती सुरक्षित वाटलं त्यांना. पुढचे अडीच महिने ते आठ पॉइंट नऊवर उभं राहून चालले.

डिसेंबरात मंडळी वीसच्या वर गेली तेव्हा ती चालायला जायची त्या मागच्या गल्लीतल्या पार्कच्या वॉचमननं फाटकात आडवा हात धरला. "इत्ते लोगां एक साथ नक्को साब. परमिशन होना." परमिशन ज्या ऑफिसातून मिळायची तिथं उमाजीराव तीन वेळा गेले. पहिल्या खेपेला समजलं, की व्यक्तीला परवानगी मिळत नाही, संघटनेला मिळते. दुसऱ्या खेपेला समजलं, की संघटनेला गोल शिक्का लागतो आणि त्यांनी करून नेलेला चौकोनी आहे. तिसऱ्या खेपेला समजलं, की अर्ज आता कागदावर घेतच नाहीत, ऑनलाइन भरायचा असतो. स्वतः सरकारी माणूस असून दुसऱ्याच्या खिडकीपुढं असं उभं राहावं लागणं हा मोठा अपमान असतो. खिडकीतला पोरगेलासा कारकून वर न बघताच त्यांच्याशी बोलत होता, आणि उमाजीरावांना हेही आठवत होतं की आपण स्वतः गेली एकतीस वर्षं वर बघितलेलं नाही.

ऑनलाइन अर्ज मंदारनं भरला. अध्यक्ष म्हणून अर्थातच उमाजीराव. मंदार कामाला वाघ. अर्ज पाच मिनिटांत गेला, परवानगी आठवड्यात आली आणि तिच्याबरोबर एक ओळ आली, की आपल्या संघटनेने जाहीर केल्याप्रमाणे सव्वीस जानेवारीला मोफत मधुमेह तपासणी शिबिर घेऊन छायाचित्रांसह अहवाल पाठवावा.

"हे काय जाहीर केलंस तू?" उमाजीरावांचा आवाज चिरकला.

"काका, तिथं एक ड्रॉपडाऊन होता, 'आरोग्यविषयक उपक्रम'. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढंच जात नव्हता," मंदार म्हणाला. "मी पहिलंच ऑप्शन सिलेक्ट केलं. चांगलंय की, सगळ्यांची टेस्ट होऊन जाईल. आणि माझ्याकडे डॉक्टरपण आहे, त्या प्रणिता मॅडम. मी विचारलंसुद्धा, त्या हो म्हणाल्या."

उमाजीरावांनी जिन्याचा कठडा धरला.

खरं तर जानेवारीपर्यंत आकडा उतरला असता तर भ्यायचं काही कारण नव्हतं. पण भिशी जोरात होती. किशोर तळमजल्यावरचा, बेगम बाजारात त्याचं सुक्या मेव्याचं दुकान. त्याची चिठ्ठी निघाली तेव्हा त्यानं खुबानी का मीठा, म्हणजे साखरेत शिजवलेले जर्दाळू, आणि वर साय ठेवली. लक्ष्मणरावांकडे पुरणपोळी झाली, नाश्ता असूनही. शोभाताईंची चिठ्ठी दोनदा निघाली. ती निघावी म्हणून कोणीतरी डब्यात जास्तीची टाकतंय असा लक्ष्मणरावांना संशय होता, तरी त्यांनी चौकशी लावली नाही. 'मला नको' म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं तर भामाबाई दोन हातांवर बसलेल्या. म्हणून अध्यक्ष खात होते. एरवी दोन वाट्या खाल्ल्या असत्या तिथं संशय नको म्हणून तीन खात होते. पार्कला पाच फेऱ्या मारून जेवढं जळे, त्याच्या दुप्पट ते घरी पोचायच्या आत भरून निघे. मंदारनं लिफ्टच्या दारावर सगळ्यांच्या वजनाचा आलेख लावला होता. बाकीच्यांच्या रेघा निदान सरळ होत्या. अध्यक्षांची रेघ चिकाटीनं वर चढत होती. वर संक्रांत आली. तिळगूळ घ्या म्हणून हात पुढं आल्यावर मी घेत नाही म्हणणारा मराठी माणूस अजून जन्मायचाय. बावीस घरांतून बावीस लाडू आले आणि उमाजीराव प्रत्येकाशी गोड बोलले.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी उजव्या तळव्याला काहीतरी बोचायला लागलं. आठ घड्यांचा कागद पात्याखालून वर आला होता. रात्री न्हाणीघरात आरशाचा तुकडा धरून त्यांनी बघितलं. रुपयाएवढी फुटकुळी होती.

साधी फुटकुळी आली तरी मला दाखवा, असं प्रणितानं बजावलं होतं. तिला दाखवायला जावं तर ती पहिला प्रश्न विचारणार, काकूंना सांगितलं का. उमाजीरावांनी हळद लावली, पट्टी चिकटवली, कागद मात्र तिथंच राहू दिला, कारण दुसरी जागा सुचत नव्हती. चार दिवसांत फुटकुळी फुटली. आठवड्यात तिची जखम झाली आणि मजेची गोष्ट म्हणजे ती फारशी दुखेना. न दुखण्यानंच त्यांना दरदरून घाम फुटला, कारण सासऱ्यांचा अंगठासुद्धा असाच दुखत नव्हता. ते लंगडू लागले. भामाबाईंनी एकदा विचारलं, "पायाला काय झालंय? असं काय चालायलाव?" नवा बूट आहे, चावतो, असं त्यांनी सांगितलं. अडीच महिने जुना नवा बूट. त्या दिवसापासून भामाबाईंची नजर उमाजीरावांच्या गुडघ्याखालीच असे आणि उमाजीराव घरातसुद्धा मोजे घालून झोपू लागले.

सव्वीस जानेवारीला खाली मांडव पडला. झेंडावंदन झालं. लक्ष्मणरावांनी गल्लीत कार्यक्रमाला वापरतात तो माइक भाड्यानं आणला होता आणि पहाटेपासून 'हॅलो, चेक' म्हणत होते. एका टेबलावर प्रणिता, तिच्याशेजारी सुयांचं यंत्र घेतलेली मुलगी. दुसऱ्या टेबलावर शोभाताईंच्या देखरेखीखाली गरम जिलेब्यांची परात, कारण सव्वीस जानेवारीला जिलेबी नसली तर प्रजासत्ताक झाल्यासारखं वाटत नाही. मधुमेह तपासणी आणि जिलेबी यांत काही विसंगती आहे असं मांडवातल्या एकालाही वाटलं नाही. उमाजीराव शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. माइकवरून आवाज आला, "पहिला मान अध्यक्षांचा."

टाळ्या वाजल्या. अहवालाला फोटो हवा म्हणून मंदार मोबाइल रोखून उभा होता. उमाजीराव उठले, मांडव ओलांडून गेले, डोळे मिटून बोट पुढं केलं आणि बजरंगबलीचं नाव घेतलं. टोचलं ते मुंगी चावल्याइतकं. पण यंत्रानं पीप केलं आणि त्या मुलीनं आकडा वहीत लिहायच्या ऐवजी मोठ्यानं वाचला, आणि लक्ष्मणरावांनी तो रेल्वेच्या सवयीनं माइकवर पुकारला. दोनशे शहाऐंशी.

किशोर हळूच म्हणाला, की आकडा मोठा आहे म्हणजे चांगला का? "आत्ताच जिलेबी खाल्ली," उमाजीराव पुटपुटले. जिलेबीची परात अजून झाकलेली होती.

प्रणिताला मात्र आकड्याचं नवल वाटलं नव्हतं. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. "काका, लंगडताय का? बूट काढा बघू उजवा."

उमाजीराव म्हणाले, मोजे स्वच्छ नाहीत. मग म्हणाले, वाकता येत नाही, पोट आडवं येतं. हे दुसरं निदान खरं होतं. तेवढ्यात गर्दीतून भामाबाई आल्या, नऊवारीचा ओचा सावरला, आणि तीस वर्षांत ज्या पायताणाला झाडूखेरीज काही लावलं नाही त्याची नाडी दोन्ही हातांनी सोडायला खाली बसल्या. "ऱ्हाऊ द्या, मी करतो," उमाजीराव म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. भामाबाईंनी टाच धरून ओढलं. मोजा ओला होऊन पात्याला चिकटला होता. बुटातून पाय आला, पायाबरोबर पातं आलं आणि पात्याखालून आठ घड्यांचा कागद मांडवाच्या सतरंजीवर पडला.

भामाबाईंनी तो उचलून उलगडला. हैदराबादेत किराणा दुकानाच्या बिलापासून लॅबच्या रिपोर्टापर्यंत ज्या कागदावर जागा असेल त्याच्या माथ्यावर तिरुपतीचा बालाजी छापतात. या कागदावरही होता. घामानं निळसर पडलेला, घड्यांनी चिरलेला, पण होता. उमाजीरावांनी तो आजवर बघितलाच नव्हता, त्यांची नजर आकड्याच्या वर कधी गेलीच नव्हती. भामाबाईंनी हात आपोआप वर नेऊन कागद कपाळाला लावला. मग वाचला. आकडा वाचला, तारीख वाचली, आणि मग खाली वाकून मोजा सोलून तळवा बघितला.

माइक चालूच होता. त्यामुळे त्या इतक्या हळू बोलल्या तरी पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

"माझ्या बापाचा पाय मी दीड वर्ष धुतला. तुमचा मला दाखवायची लाज वाटायली होय?"

उमाजीरावांना काहीतरी बोलायचं होतं. तुला त्रास नको म्हणून, असं ते वाक्य होतं; पण त्याआधीच सगळ्या बिल्डिंगदेखत, अध्यक्ष असून, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भामाबाईंनी पदरानं आधी तळव्याभोवतीचा घाम टिपला आणि मग त्याच पदरानं स्वतःचे डोळे. प्रणितानं जखम बघितली, वरवरचीच आहे, वेळेवर दिसली म्हणाली, पण हा बूट अजून पंधरा दिवस घातला असता तर मला काही सांगता आलं नसतं. हे शेवटचं वाक्य तिनं उमाजीरावांना उद्देशून म्हटलं. भामाबाईंनी सतरंजीवर बसूनच ते ऐकलं.

असल्या वेळी काय करावं हे कोणालाच सुचत नसतं, आणि सुचत नसलं की आपल्याकडे खायला देतात. शोभाताई चार जिलेब्यांची बशी घेऊन पुढं आल्या आणि म्हणाल्या, "होईल सगळं बरं, उमाजीराव, आधी तोंड गोड करा." आणि उमाजीरावांचा हात, नियम क्रमांक चारच्या सवयीनं, पुढं गेला.

तो हात भामाबाईंनी मनगटाला धरला. "ताई, ऱ्हाऊ द्या. यांनी गोड सोडलंय. बालाजीला वाहिलंय."

"कधी?" लक्ष्मणरावांनी नोंदीसाठी विचारलं.

"आत्ताच," भामाबाई म्हणाल्या आणि कागदावरचा बालाजी सगळ्यांना दिसेल असा धरला. "तीन महिने देव पायाखाली तुडवला. भरपाई नको का करायला?"

आता बघा, हाच माणूस 'मला साखर आहे, मला नको' म्हणाला असता तर शोभाताई अर्धी तरी घ्याच म्हणाल्या असत्या, किशोर एका जिलेबीनं काय होतं म्हणाला असता आणि लक्ष्मणरावांनी नियम दाखवला असता. पण देवाला वाहिलेल्या वस्तूचा आग्रह करायचा नसतो, हा कायदा आपल्या सगळ्या कायद्यांच्या वरचा. काशीला वांगं सोडून आलेल्या माणसाच्या ताटात आयुष्यभर कोणी वांगं वाढत नाही. शोभाताईंनी बशी मागं घेतली. तीन महिने उमाजीराव ज्या भिंतीवर डोकं आपटत होते तिला दार होतं, आणि ते भामाबाईंना खाली बसल्या बसल्या सापडलं होतं. बायकोला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर, हा विचार उमाजीरावांच्या मनात आला आणि तो त्या सुईपेक्षा पुष्कळ जास्त टोचला.

यंत्रावरच्या मुलीनं 'नेक्स्ट' म्हटलं. रांगेत किशोर होता; तो म्हणाला, दुकानाची किल्ली विसरलो. त्याच्या मागचे दोघे वळले. मग माइकवर घसा खाकरल्याचा आवाज आला. लक्ष्मणराव म्हणाले, "माझंही लिहून घ्या. बालाजीलाच. माझा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आहे, पंचांगात ठेवलाय." किल्ली विसरलेला किशोर थांबला. मघाशी आकड्याबद्दल भोळा प्रश्न विचारणाऱ्या त्याचाही म्हणे गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात होता. त्या सकाळी पाच घरांतून पाच कागद निघाले. भिशी तीन महिने आपापलं गुपित सांभाळत एकमेकांना खुबानी भरवत होती. शोभाताई परातीकडे बघत एकट्या पडल्या, आणि शेवटी मंदारनं त्यांचंही बोट पुढं केलं.

उमाजीरावांची जखम भरायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस अध्यक्षांना चालायची बंदी होती; ते खुर्ची टाकून पार्कच्या फाटकात बसत आणि भामाबाई त्यांच्या वाटच्या फेऱ्या मारत. वॉचमन एकदा म्हणाला, "मेडम तुमारे से फास्ट हैं साब." रोज संध्याकाळी भामाबाई तळवा धुऊन, पुसून, दिव्याखाली धरून बघत. त्या नजरेची उमाजीरावांना जी धास्ती होती ती नजर अखेर मिळालीच; फक्त तिच्याखाली त्यांना इतकं बरं वाटेल याची त्यांना कल्पना नव्हती. भिशी चालू राहिली. चिठ्ठी निघे त्या घरी मोड आलेली मटकी, ज्वारीचं धिरडं, बिनसाखरेचा चहा. चौथा नियम लक्ष्मणरावांनी स्वतःच्या हातानं खोडला आणि समासात तारीख घातली.

एप्रिलच्या अखेरीस नवा रिपोर्ट आला. तो उघडायची उमाजीरावांची छाती होईना. पाकीट हातात धरून ते घरभर फिरले आणि सवयीनं चपलांच्या मांडणीपाशी जाऊन थांबले. भामाबाईंनी लांबूनच हात पुढं केला. "इकडं द्या."

सात पॉइंट एक. फोनवर प्रणिता म्हणाली, इन्शुलिन नको काका, असंच चालू ठेवा. उमाजीराव पलंगावर बसले आणि त्यांनी पाय जमिनीवर टेकवून बघितले, दोन्ही, बरोबरीनं. भामाबाईंनी कागद सरळ केला, एकही घडी न घालता देवघरात उभा टेकवला, वरच्या बालाजीला आणि खालच्या आकड्याला हळदकुंकू लावलं आणि पुढं वाटीत नैवेद्य ठेवला. उमाजीराव दर्शनाला वाकले तर वाटीत फुटाणे होते.

"देवाला फुटाणे? आज लाडू पाहिजे होता की," ते म्हणाले.

"सगळ्या बिल्डिंगीनं आपापलं गोड तीन महिन्यांपासून त्यांनाच वाहिलंय," भामाबाई घंटा वाजवत म्हणाल्या. "आता त्यांच्याही शुगरला जपाया नको का कोणी?"